संगणकावरील कारभार व अधिकारांची वाटणी

कोणतेही मोठे कार्य एकट्याच्या हातून सिद्धीस जात नाही. साधे घर बांधावयाचे झाले तरी गवंडी, सुतार, रंगारी आणि हिशेब ठेवणारा अशी चार माणसे लागतात. चार माणसे एकत्र आली की कोणी काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचबरोबर आणखी एक प्रश्न असतो: कोणी कशात हात घालावयाचा नाही? पहिल्या प्रश्नाचा विचार सगळेच करतात. दुसरा मात्र बहुधा काही बिघडल्यावरच सुचतो. सुताराने मदत करण्याच्या सद्हेतूने गवंड्याच्या भिंतीला परस्पर भोक पाडले, म्हणजे मग घरमालकाला त्याची आठवण होते.

आजकाल कचेऱ्यांतील, कारखान्यांतील आणि निरनिराळ्या संस्थांतील पुष्कळसे सामुदायिक काम संगणकावर चालते. कामाची आखणी करावी, ती कामे माणसांत वाटून द्यावी, कोणते काम कोठवर आले ते पाहावे, यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर असे म्हणतात. या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय पाहता यावे, कोणाला काय बदलता यावे आणि कोणाला काय पुसता यावे हे ठरवून देण्याची एक सोय असते. ती सोय हाच या लेखाचा विषय होय. विषय वरवर यंत्राचा दिसला तरी मुळात तो माणसांचा आहे; म्हणूनच माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने तो हाती घेण्याचे धाडस केले आहे.

विद्यार्थी मित्रहो, शिक्षकांच्या खोलीतील एक मोठा फळा डोळ्यांपुढे आणा. त्यावर कामांची यादी आहे. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव, शेवटची तारीख आणि काम कोठवर आले ते लिहिलेले आहे. प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणजे प्रथमदर्शनी असा एक फळाच. फरक इतकाच की तो दहा गावांतील माणसांना एकाच वेळी दिसतो. परंतु भिंतीवरच्या फळ्यात एक मोठे न्यून असते. ज्याच्या हाती खडू आणि डस्टर, त्याला तो सबंध फळा खुला. कोण आले, काय लिहिले, काय पुसून गेले हे फळ्याला ठाऊक नसते. संगणकावरील फळ्याला मात्र प्रत्येकाची ओळख पटते, आणि ओळख पटल्यावर त्याच्या हाती नेमका किती खडू द्यावयाचा हे त्याला आधी सांगून ठेवता येते.

हे सांगून कसे ठेवतात ते एका प्रत्यक्ष सॉफ्टवेअरच्या आधारे पाहू. रेडमाइन नावाचे एक प्रकल्प-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर आहे. झाँ-फिलिप लांग यांनी ते २००६ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कोणासही विनामूल्य घेता येते, आणि त्याची अंतर्गत रचनाही ज्याला इच्छा असेल त्याला वाचता येते. समजा, आपल्या शाळेचा हा वार्षिक अंकच रेडमाइनच्या साहाय्याने काढावयाचे ठरले. अंक हा आपला ‘प्रकल्प’ झाला. प्रत्येक लेख, प्रत्येक चित्र, प्रत्येक जाहिरात ही त्या प्रकल्पातील एकेक कामाची नोंद झाली.

येथे तीन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला ‘वापरकर्ता’. हे प्रत्यक्ष माणूस होय. त्याचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र परवलीचा शब्द असतो. दुसरा ‘परवानगी’. ही एकेक सुटी कृती करण्याची मुभा: नोंद पाहणे, नवी नोंद करणे, असलेली नोंद बदलणे, नोंद काढून टाकणे, फाइल जोडणे, कामावर खर्च झालेला वेळ लिहिणे, प्रकल्पात नवे सभासद घेणे, इत्यादी. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘भूमिका’. नाटकात भूमिका असते तशीच ही. राजाची भूमिका आज एकाने केली, उद्या दुसऱ्याने केली, तरी राजाचे संवाद बदलत नाहीत. त्याचप्रमाणे काही परवानग्या एकत्र बांधून त्या गाठोड्याला एक नाव दिले की भूमिका तयार होते. माणूस त्या भूमिकेत येतो, काम संपले की बाहेर पडतो. गाठोडे जागच्या जागी राहते.

रेडमाइन प्रथम मांडताना ‘मॅनेजर’, ‘डेव्हलपर’ आणि ‘रिपोर्टर’ अशा तीन तयार भूमिका घेता येतात, कारण ते मुख्यतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींसाठी केलेले आहे. आपल्या अंकासाठी आपण संपादक, लेखक, मुद्रितशोधक आणि जाहिरातींचा हिशेब पाहणारा हिशेबनीस अशा चार भूमिका करू. यानंतर रेडमाइन आपल्यापुढे एक कोष्टक ठेवते. उभ्या रकान्यांत भूमिका, आडव्या ओळींत परवानग्या; जेथे मुभा द्यावयाची तेथे खूण करावयाची. लेखकाला नवी नोंद करण्याची व फाइल जोडण्याची मुभा, परंतु नोंद काढून टाकण्याची नाही. मुद्रितशोधकाला सगळे लेख पाहण्याची आणि त्यांवर शेरे लिहिण्याची मुभा, परंतु नवे सभासद नेमण्याची नाही. सभासद नेमण्याची मुभा संपादकाला.

आता कोणी विचारील, की हा भूमिकांचा मधला टप्पा हवाच कशाला? प्रत्येक माणसाला थेट परवानग्या दिल्या तर काय बिघडले? याचे उत्तर अंकगणितात आहे. चाळीस माणसे आणि वीस परवानग्या असतील, तर माणसागणिक खुणा करावयाच्या म्हटल्यास ४० गुणिले २०, म्हणजे ८०० ठिकाणी विचार करावा लागेल. चार भूमिका केल्या तर ४ गुणिले २० म्हणजे ८० खुणा, आणि चाळीस जणांच्या चाळीस नेमणुका, मिळून १२० ठिकाणी भागते. उद्या असे ठरले की लेखकांना आपली जुनी नोंद बदलता येऊ नये, तर कोष्टकातील एकच खूण काढली की पंचवीस लेखकांच्या बाबतीत तो नियम एकाच वेळी लागू होतो. माणसागणिक खुणा केल्या असत्या तर पंचवीस जागा शोधाव्या लागल्या असत्या, आणि त्यांतली एखादी हटकून राहून गेली असती. जी जागा राहून जाते तेथूनच पुढे घोटाळा होतो.

भूमिकेचा दुसरा गुण असा की ती प्रकल्पापुरती असते. नववीतील एखादी मुलगी वार्षिक अंकाच्या प्रकल्पात केवळ लेखिका असेल आणि क्रीडामहोत्सवाच्या प्रकल्पात तीच प्रमुख असेल. रेडमाइनला यात काहीच विसंगत वाटत नाही. व्यवहारात मात्र आपण पुष्कळदा असे समजतो की एका ठिकाणी जो मोठा तो सगळीकडे मोठा. अधिकार कामाला चिकटलेला असतो, माणसाला नव्हे, हे तत्त्व सॉफ्टवेअरच्या या साध्या रचनेत फार स्पष्ट दिसते.

एका बारकाव्याकडे मात्र लक्ष दिले पाहिजे. एकाच प्रकल्पात एकाच माणसाला दोन भूमिका देता येतात, आणि तसे केले असता दोन्ही भूमिकांच्या परवानग्यांची बेरीज होते. वजाबाकी कधीच होत नाही. संपादकाला काही काळ आवरावयाचे म्हणून त्याला शेजारी ‘लेखक’ ही भूमिका जोडून दिली तर काहीच आवरले जात नाही. संपादकाची भूमिका काढूनच घ्यावी लागते. हा नियम ठाऊक नसल्यास आपण दार लावले असे समजतो आणि ते सताड उघडे असते.

ज्यांना आपण भूमिका दिलेली नाही अशांचाही विचार रेडमाइनने केला आहे. त्यात दोन भूमिका मुळातच असतात आणि त्या काढून टाकता येत नाहीत. एक, ज्याचे नाव नोंदलेले आहे पण जो या प्रकल्पाचा सभासद नाही त्याची. दुसरी, जो कोणतीही ओळख न देता नुसता पाहावयास आला आहे त्याची. प्रकल्प सर्वांसाठी खुला ठेवला असेल तर परक्या माणसाला काय दिसावे हे या दोन रकान्यांवर अवलंबून असते. घराची आतली दारे काळजीपूर्वक लावून अंगणाकडचे दार विसरणारी माणसे असतात, तशी या दोन रकान्यांकडे पाहावयास विसरणारी मंडळीही असतात.

परवानग्यांच्या जोडीला ‘कामाचा ओघ’ ठरविण्याचीही सोय आहे. प्रत्येक नोंदीची एक अवस्था असते. आपल्या अंकासाठी ‘नवा’, ‘तपासणीस सादर’, ‘दुरुस्तीस परत’, ‘तपासला’ आणि ‘छपाईस पक्का’ अशा पाच अवस्था धरू. कोणत्या भूमिकेतील माणसाने नोंद कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत न्यावी हे दुसऱ्या एका कोष्टकात खुणा करून ठरविता येते. लेखक आपला लेख ‘नवा’वरून ‘तपासणीस सादर’ येथवर नेऊ शकतो. तेथून तो ‘दुरुस्तीस परत’ किंवा ‘तपासला’ करणे मुद्रितशोधकाकडे, आणि ‘छपाईस पक्का’ करणे संपादकाकडे. म्हणजे लेखक कितीही विद्वान असला तरी त्याला स्वतःचा लेख स्वतःच तपासून छापावयास पाठविता येत नाही. लेख पक्का झाल्यानंतर त्याचे शीर्षक लेखकाला केवळ वाचता यावे, बदलता येऊ नये, असेही ठरविता येते.

या सर्वांच्या पलीकडे एक माणूस असतो, तो प्रशासक. तो कोणत्याही प्रकल्पाचा सभासद नसला तरी त्याला सर्व प्रकल्पांत सर्व काही करता येते. भूमिकांचे कोष्टक करणारा तोच, नवे वापरकर्ते निर्माण करणारा तोच. म्हणून या पदाला विशेष जपावे लागते.

ही कल्पना एका दिवसात जन्मली नाही. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था करून दाखविली. तिचे नाव सीटीएसएस. अनेक माणसे एका यंत्रावर आली तेव्हा एकाचे कागद दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून परवलीचे शब्द आले. त्याच दशकात तेथे एक चमत्कारिक प्रकार घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइली दुरुस्त करीत होते. एकाच्या हाती सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी होती, दुसऱ्याच्या हाती त्या दिवसाची सूचना. दुरुस्तीची साधने एका वेळी एकच माणूस काम करील अशा समजुतीने केलेली असल्यामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली. परिणामी यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. तरीही गुपित फुटले.

१९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील तीन तत्त्वे आजही प्रमाण मानली जातात. पहिले, प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, म्हणजे कमीत कमी, अधिकार असावा. दुसरे, मुळात सर्व बंद धरावे आणि जे लागेल तेवढे उघडावे. सर्व उघडे ठेवून एकेक दार लावीत बसू नये, कारण अशा वेळी विसरलेले दार उघडेच राहते. तिसरे, जेथे धोका मोठा तेथे एका किल्लीवर काम भागू नये. बँकेतील लॉकर पाहिला असेल त्याला हे तत्त्व लगेच कळेल. तेथे एक किल्ली बँकेची आणि दुसरी खातेदाराची, दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही.

‘भूमिका’ ही कल्पना शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे श्रेय अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांच्या १९९२ सालच्या निबंधास दिले जाते. १९९६ साली रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सविस्तर बांधणी केली. हे संधू मूळचे भारतीय, मुंबईच्या आय. आय. टी.चे माजी विद्यार्थी, ही आपल्याला विशेष आनंदाची गोष्ट. २००४ साली या पद्धतीचे अमेरिकेत राष्ट्रीय मानक झाले. आज बँका, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या आणि प्रकल्प-व्यवस्थापनाची बहुतेक सॉफ्टवेअरे हीच रीत कमीअधिक प्रमाणात पाळतात.

संगणक नवा असला तरी विचार जुना आहे. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस, सरनोबत आणि कारखानीस असे निरनिराळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, शिबंदी सरनोबताकडे, धान्य व इतर साहित्याचा साठा कारखानिसाकडे. एकट्याच्या फितुरीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये हा त्यातील हेतू. किल्ल्या ज्याच्याकडे, त्याच्याकडे हिशेब नाही. हिशेब ज्याच्याकडे, त्याच्याकडे कोठार नाही. यालाच आजच्या परिभाषेत कर्तव्यांची विभागणी म्हणतात.

ही विभागणी मोडली असता काय होते याचा दाखला लंडनच्या बेअरिंग्ज बँकेत मिळतो. ही बँक १७६२ साली स्थापन झालेली. तिच्या सिंगापूरच्या कचेरीत निक लीसन नावाचा एक अधिकारी बाजारात व्यवहारही करीत असे आणि त्या व्यवहारांची जमाखर्चाची बाजूही त्याच्याच ताब्यात होती. म्हणजे लेखक तोच आणि तपासनीसही तोच. तोटा होत गेला, तो तोटा एका खास खात्यात दडविला गेला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सुमारे ८३ कोटी पौंडांच्या तोट्याने ती २३३ वर्षांची बँक कोसळली. पुढे हॉलंडच्या आय. एन. जी. या कंपनीने ती नाममात्र एका पौंडास विकत घेतली.

प्रत्येक अनर्थाच्या मागे लबाडीच असते असे मात्र नाही. जिरा हे प्रकल्प-व्यवस्थापनाचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर करणारी ॲटलासियन ही ऑस्ट्रेलियातील कंपनी. ५ एप्रिल २०२२ रोजी तिला काही ग्राहकांच्या जागांवरून एक जुने जोड-सॉफ्टवेअर काढून टाकावयाचे होते. काम करणाऱ्या तुकडीच्या हाती क्रमांकांची जी यादी आली ती त्या जोड-सॉफ्टवेअरची नव्हती, ग्राहकांच्या संपूर्ण जागांची होती. पुसणाऱ्या यंत्रणेला दोन्ही प्रकारचे क्रमांक चालत. दिलेला क्रमांक बरोबरच असणार असे ती गृहीत धरी, आणि ‘आपण संपूर्ण जागा पुसत आहात, हे खरे ना?’ असा प्रश्न विचारीत नसे. २३ मिनिटांत ८८३ जागा पुसल्या गेल्या. ७७५ ग्राहकांचे काम बंद पडले आणि त्यांपैकी काहींना आपली माहिती परत मिळावयास १४ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागली. बाहेरून कोणी हल्ला केला नव्हता. आपलीच माणसे आपले नेमून दिलेले काम करीत होती. पुसण्याचा अधिकार केवळ कोणाच्या हाती द्यावा एवढेच ठरवून भागत नाही. तो वापरताना मध्ये एक उंबरठा असावा लागतो, हा त्यातील धडा.

आता प्रत्यक्ष वाटणी कशी करावी ते थोडक्यात सांगतो. सुरुवात माणसांच्या यादीने करू नये. कामांच्या यादीने करावी. कोणकोणती कामे आहेत ते आधी कागदावर लिहावे, मग त्या कामांस लागणाऱ्या परवानग्या, मग भूमिका, आणि सर्वांत शेवटी माणसांची नावे. उलट क्रमाने गेल्यास ‘अमक्याला वाईट वाटेल’ या भिडेपोटी परवानग्या वाटल्या जातात. भूमिका थोड्या असाव्यात. दहा माणसांच्या कामाला बारा भूमिका झाल्या तर भूमिका असून नसल्यासारख्या.

प्रशासकाची ओळख रोजच्या कामासाठी वापरू नये. ज्याच्याकडे ती आहे त्याने लेख वाचावयास बसताना साध्या सभासदाच्या नावाने बसावे आणि यंत्रणेत बदल करावयाचा असेल तेव्हाच प्रशासक व्हावे. प्रशासक एकच असेल तर तो आजारी पडला की सर्व अडते. दहा असतील तर कोणीच जबाबदार राहत नाही. लहान संस्थेस दोन पुरेत. सभासद नेमण्याचा अधिकार संपादकाला देताना, त्याने कोणत्या भूमिका वाटाव्यात यालाही मर्यादा घालता येते. रेडमाइनमध्ये तशी सोय आहे: संपादकाने लेखक आणि मुद्रितशोधक नेमावेत, परंतु आणखी संपादक नेमू नयेत. असे न केल्यास अधिकाराला पाय फुटतात.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याची ओळख बंद करावी. येथे ‘बंद करणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांतला फरक ध्यानात ठेवावा. दहावी होऊन गेलेल्या मुलीची ओळख रेडमाइनमध्ये कुलूपबंद केली तर तिला पुन्हा आत येता येत नाही, पण तिने केलेल्या कामावर तिचे नाव तसेच राहते. ओळख काढूनच टाकली तर तिचे काम उरते, परंतु ते ‘अनामिका’च्या नावावर जाते. जिने वर्षभर मुद्रिते तपासली तिचे नाव पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटते. याशिवाय प्रत्येक सत्राच्या आरंभी एकदा कोष्टक आणि सभासदांची यादी मोठ्याने वाचावी. ‘याला हे अजून लागते काय?’ एवढाच प्रश्न विचारावा.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुलुपे वाढविण्यात एक प्रकारचा मोह असतो. एक स्वल्पविराम बदलावयासाठी तीन जणांची संमती लागू लागली की माणसे कंटाळतात, आणि कंटाळलेली माणसे एकमेकांना आपले परवलीचे शब्द सांगून मोकळी होतात. मग सगळे कोष्टक व्यर्थ. म्हणून ज्याला जे काम दिले त्याला ते अडखळल्याशिवाय करता आले पाहिजे. कमीत कमी अधिकार म्हणजे कामापेक्षाही कमी अधिकार असा अर्थ नव्हे.

शेवटी एक गैरसमज दूर करावयाचा आहे. ‘मला ही परवानगी नाही, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही’ असे पुष्कळांना वाटते, आणि तरुणांना तर फारच. जरा वेगळ्या बाजूने विचार करून पाहा. एका संस्थेत आठ जण मिळून एकच परवलीचा शब्द वापरतात. एके सकाळी जाहिरातींच्या हिशेबाची नोंद नाहीशी झालेली आढळते. कोणी पुसली? नोंदवहीत आठही जणांचे नाव एकच. अशा वेळी संशयाची सुई कोणाकडे वळते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ती जो सर्वांत नवा असतो, सर्वांत लहान असतो, ज्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, त्याच्याकडे वळते. तो निर्दोष असला तरी ते सिद्ध करण्याचे त्याच्यापाशी काहीही साधन नसते.

हेच आठ जण आपापल्या नावाने आणि आपापल्या भूमिकेत काम करीत असते तर? ज्याला पुसण्याची मुभाच नव्हती त्याला कोणी प्रश्नसुद्धा विचारला नसता. ज्याने चुकून पुसली त्याची चूकही तत्काळ कळली असती, आणि चूक ही चूक म्हणूनच राहिली असती. तिला चोरीचे रूप आले नसते. परवानग्यांचे कोष्टक हिशेब सांभाळते, लेख सांभाळते, हे खरेच. परंतु त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ते दुबळ्याचे नाव सांभाळते.

तुमच्यापैकी बहुतेक जण पुढे अशा कोठल्या ना कोठल्या संगणकीय कारभारात जातील. कोणी तेथे साधा सभासद असेल, कोणाच्या हाती प्रशासकाच्या किल्ल्या येतील. सभासद असाल तर आपल्या ओळखीने काम करा, दुसऱ्याची मागू नका आणि आपली देऊ नका. प्रशासक झालात तर कोष्टकातील प्रत्येक खुणेपाशी क्षणभर थांबा. तिच्या एका टोकाला काम आहे, आणि दुसऱ्या टोकाला कोणाची तरी अब्रू आहे.